चार नंबरचा ओ

एक

"एक!" बाबा स्वतःच ओरडले आणि हातातला तिकिटाचा पंच हवेत दोनदा टकटकवला.

"दोन," आई म्हणाली. डब्यांच्या पिशवीनं ती एका बाजूला वाकली होती.

"तीन. आणि तीनचे गुडघे आत्तापासूनच दुखायलेत, मास्तर," सुलूआत्या म्हणाली.

"चार." उजूताई.

"पाच." मी.

"सहा, सहा, सहा!" दिगू. तो तेव्हा सहा वर्षांचा होता आणि वय वाढलं की आपला नंबरही वाढणार, अशी त्याची समजूत होती.

"गाडी फुल्ल. जाऊ द्या!" बाबा म्हणाले. वाटाड्या कोकरे हसत पुढं झाला आणि आम्ही राष्ट्रीय उद्यानाच्या गेटातून आत शिरलो.

बाबा तासगाव डेपोत कंडक्टर होते. आम्ही कुठंही निघालो, देवाला, लग्नाला, अगदी बाजाराला, तरी ते आम्हाला असंच मोजायचे. मोजताना मागं वळून बघायचं नाही, हा त्यांचा तोरा. म्हणायचे, "गर्दीच्या गाडीत कंडक्टर माणसं डोळ्यानं मोजत नाही, कानानं मोजतो." ज्याचा ओ येणार नाही त्याची बस सुटली, असा घरचा नियम होता. एकदा मिरजेच्या बाजारात आत्या बांगड्या बघत राहिली आणि तिची बस खरंच सुटली. संध्याकाळी ती रिक्षानं घरी आली. बाबा दारातच पंच वाजवत उभे होते.

त्या सहलीला आता अठ्ठावीस वर्षं झाली. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. मी तेरा वर्षांची, ताई एकोणीसची. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा देव नसलेल्या ठिकाणी आमची सहल काढली होती. भाड्याची ट्रॅक्स जीप ठरवली होती. डेपोतल्या ऐनापुरे ड्रायव्हरचा रीळवाला कॅमेरा मागून आणला होता. तो त्यांनी ताईच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "उजे, हा ऐनापुरेचा जीव आहे. तू पडलीस तरी चालेल, हा पडता कामा नये."

हे वाक्य नंतर आमच्या घरात कुणीच कधी उच्चारलं नाही.

दोन

कारवीच्या दाट रानातून दोन तास चढल्यावर सडा आला. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचा सपाट कातळ. गुडघाभर वाळकं गवत, मधेमधे कातळात पाण्याची कुंडं, आणि पश्चिमेला एकदम काही नाही. जमीन संपते तिथं गवत मात्र संपत नाही, ते कड्याबाहेर झुकून डोलत राहतं.

"गवताच्या टोकाला जायचं न्हाई," कोकरे म्हणाला. "गवत फशिवतंय. खाली अडीचशे पुरुष खोल हाय."

आईनं दशम्या, शेंगांची चटणी आणि दही काढलं. उरलेल्या करंज्या काढल्या. ताईला करंजीचं सारण नको असायचं, नुसती कड हवी असायची. ती कडा मोडून खायची आणि पोटं मला द्यायची. त्या दिवशीही देत होती. आई बघून न बघितल्यासारखं करत होती.

"काय गं उजे," बाबा एकदम म्हणाले, "सासरी पण असंच उष्टं वाटत बसणार का? कोकरे, बघा, एवढी घोडी झाली. बारावीला दोनदा नापास, आणि आता म्हणते नर्सिंगला जाते. पेशंटला पण कडा कडा ठेवून मधलं औषध दुसऱ्याला देईल!"

कोकरे हसला नाही. आत्या हसली, मग तिला कळलं आणि ती गप्प झाली. ताईनं हातातली करंजी डब्यात ठेवली आणि कुंडापाशी जाऊन बसली.

"अहो, परक्यासमोर कशाला?" आई हळू म्हणाली.

"परका कोण? कोकरे आपलाच माणूस."

जेवणानंतर बाबांनी मोजलं. एक, दोन, तीन. पुढं काहीच नाही. ताई कुंडातल्या पाण्यात बोट फिरवत होती. बाबा डबे बांधत होते, पाठ आमच्याकडं. पंच टकटकला.

"चार नंबर! बस सुटंल हं!"

ताईचा आवाज मला हुबेहूब यायचा. शेजारच्या साळुंखेकाकू दारातून हाक मारायच्या तेव्हा मी ताईच्या आवाजात "आले" म्हणायची आणि त्या फसायच्या. मी मान खाली घालून, जरा जाड, जरा कंटाळलेला आवाज काढला.

"चार."

आणि लगेच माझ्या आवाजात, "पाच."

"सहा!"

"हं, आली चार," बाबा म्हणाले. वळले नाहीत.

ताईनं ओल्या हाताचा चिमटा माझ्या दंडाला काढला. ती हसत होती. सकाळपासून पहिल्यांदा. मला केवढा अभिमान वाटला! मग तिनं कॅमेरा माझ्या गळ्यात घातला, "घे, तू पण एक काढ." मी कुंडाचा फोटो काढला. पाण्यात ढग दिसत होते, म्हणून.

तीन

अडीचच्या सुमाराला ते ढग खाली आले. परतीच्या पावसाचं वातावरण होतं. आधी पलीकडचा डोंगर गेला, मग सड्याचं टोक, मग दहा पावलांवरची आई.

"चला, चला," कोकरे म्हणाला. "मी म्होरं हाय. माझ्या मागनं एकाला एक लागून चाला. मास्तर, तुमी मोजत ऱ्हावा."

पुढं कोकरे, मग बाबा, मग दिगूचा हात धरून आई, मग आत्या, मग ताई, शेवटी मी. कारवीत शिरून पाचदहा मिनिटं झाली असतील. मी गळ्याशी हात नेला. तिथं काहीच नव्हतं.

मी ताईचा कुर्ता ओढला. ती थांबली.

"कॅमेरा," मी म्हणाले.

"काय कॅमेरा?"

"कुंडापाशी राहिला. दगडावर ठेवला होता. चूळ भरताना."

धुक्यात तिचा चेहरा मला नीट दिसला नाही. एवढं आठवतं की ती रागावली नाही. हळूच म्हणाली, "बाबा मला फाडून खातील. आजच्या दिवसाला एवढं पुरे की."

"मी सांगते बाबांना. माझ्याकडनं राहिला म्हणून."

"गप. तुलाही खातील आणि मलाही. तुझ्या गळ्यात मी घातला होता." तिनं मागं बघितलं. "सरळ तर वाट आहे. पळत जाते आणि पळत येते. बाबा मोजायला लागले की माझा ओ तू दे. दुपारी दिलास तसा."

"ताई, नको."

"नंदे, दहा मिनिटं."

तिच्या चपलांचा आवाज दोनचार वेळा आला, मग धुक्यानं तो पुसला. मी धावत आत्याला गाठलं आणि तिच्या पदराचं टोक धरलं. आत्यानं मागं न बघता विचारलं, "कोण गं, उजू का?"

"हं," मी म्हणाले.

थोड्या वेळानं पुढून पंच वाजला. टक टक.

"एक!"

"दोन."

"तीन. बाई गं, काय ही वाट."

मी तोंड पदराआड वळवलं.

"चार."

"पाच."

"सहा!"

"जाऊ द्या!"

आणि आम्ही जात राहिलो. मी मागं ऐकत होते. कारवीच्या पानांवरून पाणी ठिबकत होतं, ते प्रत्येक वेळी पावलासारखं वाटायचं.

पाच

चार शेवटी सांगते. आता पाच, म्हणजे मी.

गेटवर पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. गेटपाशी पत्र्याची शेड, शेडला एक खिडकी, खिडकीत वही. आत किती माणसं गेली आणि बाहेर किती आली, त्याची. धुकं तिथंही होतं, वरून बारीक पाऊस. आई दिगूला घेऊन ट्रॅक्सकडं धावली. आत्या शेडच्या कोपऱ्यात दगडावर टेकली. मी कुंपणाच्या खांबाला धरून वाटेकडं तोंड करून उभी होते.

दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. तासाहून जास्त झाला होता.

"मोजा मास्तर," कोकरे म्हणाला. "आकडा लिवायचा हाय आन् खाली सही."

बाबा खिडकीवर वाकले होते. हातात दोरीला बांधलेलं पेन. पाठ आमच्याकडं.

"एक!"

"दोन," ट्रॅक्समधून.

"तीन."

आता सांगायचं, असं मी ठरवलं होतं. शपथेवर सांगते, ठरवलं होतं. ताई येतेय, वाटेतच आहे, आत्ता त्या वळणावर दिसेल, असं मी वाटभर स्वतःला सांगत आले होते. आणि मी जर आत्ता सांगितलं तर आधीचे ओ कुणी दिले हेही सांगावं लागणार होतं. कॅमेरा कुणी विसरला तेही. बाबांची पाठ मला दिसत होती. खाकी शर्ट पाठीला चिकटलेला. पेन वहीवर टेकलेलं.

"चार," मी ताईच्या आवाजात म्हणाले.

बाबा थांबले. एक श्वासभर. मग त्यांनी पंच वाजवला.

"पाच," मी म्हणाले.

"सहा!" ट्रॅक्समधून दिगू.

बाबांनी वहीत आकडा लिहिला, वेळ लिहिली, सही केली. कोकरेनंही सही केली. त्याला सही करता यायची, अक्षर मोठं यायचं.

पहिले दोन ओ मी ताईसाठी दिले होते. तिसरा माझ्यासाठी.

सहा

ड्रायव्हरनं गाडी चालू केली तेव्हा दिगू म्हणाला, "मी खिडकीत बसतो. ताई नाहीये ना."

"नाहीये म्हणजे?" आई म्हणाली.

"नाहीये. तिची जागा रिकामी आहे."

आईनं आत्याकडं बघितलं, आत्यानं माझ्याकडं. बाबा पुढच्या सीटवर होते. ते लगेच वळले नाहीत. आधी गाडीतून उतरले, आणि मग वळले.

"उजे!" त्यांनी हाक मारली. एकदाच. मग ते वाटेवर पळत सुटले. कोकरे त्यांच्यामागं. आत्या शेडभोवती फिरून "अगं आत्ता होती की, आत्ता ओ दिला की" म्हणत राहिली. माझे दात वाजत होते. आईनं मला गच्च धरलं, तिला वाटलं मला थंडी वाजतेय.

त्या दिवशी कुणाला काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर कोकरेला कड्याखालच्या कारवीत सापडली. कुंडापासून निघून ती वाटेला लागलीच नव्हती. गव्यांच्या पायवाटेनं सरळ गवताच्या टोकाला गेली होती. वाट तीच वाटते, कोकरे म्हणाला, धुक्यात मलाबी वाटंल. त्यानं आणि गावच्या तिघांनी तिला घोंगडीत घालून वर आणलं. कॅमेरा तिच्या गळ्यात होता. पट्टा छातीशी दोन वेढे देऊन बांधलेला, पळताना हलू नये म्हणून. त्यावर चरासुद्धा पडला नव्हता.

मनगटावरचं घड्याळ मात्र फुटलं होतं. काटे तीन वाजून बावीस मिनिटांवर.

कोकरेचा जबाब बाबांच्या कागदांत आहे. मी तो इतक्या वेळा वाचलाय की जसाच्या तसा सांगू शकते:

*मी समक्ष सांगतो की, सायंकाळी साडेचार वाजता गेटवर सदर इसमाने आपले कुटुंब मोजले. सहाही आवाज मी माझ्या कानांनी ऐकले. चार नंबरचा आवाज पोरीचाच होता. मी दारू पीत नाही. मला याहून काही माहीत नाही.*

मलाही विचारलं होतं. हवालदार माझ्यासमोर उकिडवे बसले आणि मऊ आवाजात म्हणाले, "बाळ, ताई तुझ्या पुढं होती का मागं?"

"मागं," मी म्हणाले. ते खरं होतं. त्यांनी आणखी काही विचारलं नाही.

तेराव्याला आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "घड्याळ तीन बावीसला थांबलं. आणि साडेचारला तिनं ओ दिला. आम्ही सगळ्यांनी ऐकला. पोरगी गेल्यावरसुद्धा आपल्यासंगं गेटपर्यंत चालत आली, वैनी. कारवीत माझा पदर धरला होता तिनं. मी विचारलं, उजू का? तर हं म्हणाली."

आई तेरा दिवसांत पहिल्यांदा रडली. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "तिला घरी यायचं होतं."

त्या दिवसापासून ती जेवायला लागली.

मी काय करायला हवं होतं, ते आता तुम्ही ठरवा. मी तेरा वर्षांची होते, मग चौदाची झाले, मग तीसची. कोकरेचं काम गेलं. माणसं मोजायची जबाबदारी वाटाड्याची होती आणि खोटी सही केली, असा ठपका त्याच्यावर आला. मेलेल्या पोरीचा आवाज ऐकणारा म्हणून गावात त्याची चेष्टा व्हायची. तो परत मेंढरांमागं गेला. एका दिवाळीनंतर कोकणात उतरताना आजारी पडून वारला, असं कळलं. ऐनापुरेंनी कॅमेरा परत घेतला नाही. रीळ कुणी धुतलं नाही. ते आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली आहे. त्यात एक कुंडाचा फोटो असणार.

चार

भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी आम्ही दरवर्षी त्या गेटावर जातो. आई करंज्या करते. गेटाच्या खांबापाशी, मी उभी होते बरोबर त्याच खांबापाशी, ती पानावर दहीभात ठेवते आणि करंजीच्या नुसत्या कडा मोडून ठेवते. आवाज इथून आला होता, असं आत्यानं दाखवलेलं. गेटावरची माणसं आता नवी आहेत, त्यांना काही माहीत नाही. सडा पर्यटकांना बंद झालाय. आत्या जाऊन सहा वर्षं झाली. दिगूची स्वतःची गाडी आहे.

यंदा आई पान मांडत होती, दिगू तिच्यावर छत्री धरून उभा होता. बाबा आणि मी शेडपाशी त्या दगडावर बसलो होतो. बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. दोन्ही कानांना मशीन आहे.

"नंदे," ते म्हणाले, "हे मशीन काही कामाचं नाही. सगळ्यांचे आवाज एकसारखे येतात. पत्र्यावर पाऊस पडल्यासारखे. तू बोलतेस का तुझी आई, कळत नाही."

"डॉक्टरांना दाखवू परत."

"नको. बरंय हे." ते पंचाशी चाळा करत होते. तो अजून त्यांच्या खिशात असतो. "तेहेतीस वर्षं गाडीवर काढली. मागच्या सीटवर खोकलं कोण, ते मी न बघता सांगायचो. तिकीट न काढता तोंड लपवून 'पास' म्हणालं कोण, तेही."

बाबांनी पंच अंगठ्यानं पुसला.

"आणि घरातल्या दोन पोरींचे आवाज मला कळणार नाहीत?"

खांबापाशी आई पानावर पाणी फिरवत होती.

"दुपारी जेवल्यावर तू दिलास, तेव्हाच कळलं," बाबा म्हणाले. "हसूच आलं मला. म्हटलं, धाकटी मोठीची बाजू सांभाळतेय. मग कारवीत दिलास. मग इथं. तिन्ही वेळा मला माहीत होतं, ही नंदी आहे."

"मग वळून का नाही बघितलं तुम्ही?"

"वळणार होतो." त्यांनी खिडकीकडं बोट केलं. तिथं आता काच आहे. "पेन टेकवून उभा राहिलो होतो. पण मला वाटलं, अजून रुसलीय. माझ्याशी बोलायचं नाही म्हणून धाकटीला पुढं करतेय. म्हटलं, एवढा ताठा? राहू दे. बाप कशाला वळंल आधी? तेवढ्यासाठी, नंदे. मान फिरवायची होती नुसती."

"मी सांगायला हवं होतं."

"तू लेकरू होतीस. मी कंडक्टर होतो. आकडा मी लिहिला. ज्याचा आवाज आला नाही त्याचा आकडा मी लिहिला, आणि कोकऱ्याची सही घेतली खाली. त्याच्या पोटावर पाय दिला आणि घरी येऊन गप्प बसलो. जबाबात तो खरं बोलला आणि मी त्याच्या शेजारी उभा राहून मान हलवली." त्यांचा हात पंचावर मिटला. "त्याच्या घरी एकदा गेलो होतो. रिटायर झाल्यावर. त्याच्या बायकोनं चहा दिला. चहा पिऊन आलो."

"आईला सांगूया," मी म्हणाले. "मी सांगते. आत्ता."

"काय सांगणार? की पोरगी तीन बावीसला एकटी गेली, आणि गेटपर्यंत कुणीच आलं नाही?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचे डोळे कोरडे होते. "तिच्याकडं तेवढंच आहे. आपण दोघांनी दिलेलं."

आई कंबरेवर हात ठेवून उठली. "चला," तिनं हाक मारली, "धुकं उतरायला लागलं. मोजा की."

बाबा काठी टेकत उठले. दरवर्षी ते खिडकीकडं तोंड करून मोजायचे, त्या दिवशीसारखंच. यंदा ते वळले. आमच्याकडं तोंड करून उभे राहिले. पंच काढला नाही. बोट पुढं केलं, आणि प्रत्येकाच्या अंगाला ते टेकवत मोजू लागले, लहान मुलांना मोजतात तसं.

"एक," स्वतःच्या छातीवर.

"दोन," आईच्या खांद्यावर.

"तीन," म्हणताना त्यांनी आत्या बसायची त्या दगडाला काठी लावली.

मग त्यांचं बोट आई आणि माझ्यामध्ये येऊन थांबलं. तिथं एका माणसापुरती जागा होती. आम्ही न ठरवता तशीच उभी राहतो. पाऊस पत्र्यावर वाजत होता. बाबा माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, आता ते सांगतात. किंवा आता मी सांगते. माझं तोंड उघडलंही होतं.

"आहे ती," आई म्हणाली. त्या रिकाम्या जागेकडं बघून, जरा हसून. "तुम्हाला आता ऐकू येत नाही. पुढं मोजा."

बाबांचं बोट पुढं सरकलं आणि माझ्या दंडाला टेकलं.

"पाच," मी म्हणाले.